मागून येणारा आवाज

डोळ्यांना फक्त समोरचे दिसते; मागचे पाहायचे तर मान वळवावी लागते. कानांचे तसे नाही. पाठीमागे पाचोळा वाजला, दाराची कडी सरकली, कुणी दबक्या पावलांनी आले, तर ते न पाहताही आपल्याला कळते. ‘चाहूल’ आणि ‘कानोसा’ हे मराठीतील दोन सुंदर शब्द कानाच्या याच शक्तीतून जन्मले आहेत. चाहूल लागते ती न दिसणाऱ्या बाजूची, आणि कानोसा घ्यायचा तो भिंतीपलीकडचा. या शक्तीमागचे शास्त्र साधे आहे. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर वेगाने येतो. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानाला आधी आणि उजव्या कानाला किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर सेकंदाच्या दीड हजाराव्या भागाएवढा असतो. पण तेवढ्यावरून, आणि दोन्ही कानांना पोहोचणाऱ्या आवाजाच्या कमीअधिक जोरावरून, मेंदू दिशा ठरवतो. आपण ऐकतो म्हणजे केवळ आवाज ग्रहण करतो असे नाही. त्या आवाजांच्या मध्ये आपण कोठे आहोत, हेही आपण त्याच वेळी जाणून घेत असतो.

या शेवटच्या वाक्याकडे, वाचकहो, मी आपले लक्ष वेधू इच्छितो. आवाजांच्या मध्ये आपण कोठे आहोत, हा प्रश्न मला अलीकडे राणीसावरगावात पडला. परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील, रेणुकादेवीच्या मंदिरामुळे ओळखले जाणारे हे माझे गाव. तेथे माझ्या धाकट्या भावाने घराच्या दिवाणखान्यात होम थिएटर बसवले आहे. भिंतीवर मोठा टीव्ही, त्याच्या खाली मधला स्पीकर, दोन बाजूंना दोन, पाठीमागे दोन आणि कोपऱ्यात वूफरचे खोके. पाच पूर्ण आवाजाच्या वाहिन्या आणि केवळ खर्जासाठी एक अपुरी वाहिनी, म्हणून या रचनेला ‘पाच पॉइंट एक’ असे म्हणतात. माणसाचे बोलणे बहुधा मधल्या स्पीकरमधून येते, संगीत दोन्ही बाजूंनी पसरते, आणि पाऊस, वारा, गर्दी मागून येते.

ही मांडणी मनाला येईल तशी करता येत नाही. ऐकणाऱ्याच्या नाकासमोरची रेषा शून्य धरली, तर पुढचे दोन स्पीकर दोन्ही बाजूंना तीस-तीस अंशांवर आणि मागचे दोन सुमारे एकशे दहा अंशांवर असावेत, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. भावाने दोरी लावून ही अंतरे मोजली होती आणि सोफ्यावरची मधली जागा निश्चित केली होती. पाहुणा आला की तो त्याला आग्रहाने तेथे बसवतो. त्या जागेवरून पाऊस खरोखरच आपल्या भोवती पडतो. दोन हात बाजूला सरकले की तोच पाऊस एका बाजूला कलतो. पाच स्पीकरांची ती सारी मांडणी एका माणसाला मध्यभागी ठेवण्यासाठी केलेली असते.

ही कल्पना आजची नाही. इंग्लंडमधील अभियंता ॲलन ब्लुमलाइन १९३१ साली पत्नीसह चित्रपट पाहण्यास गेला असता त्याला एक विसंगती खटकली. पडद्यावरचा नट डावीकडून उजवीकडे जाई, पण त्याचा आवाज एकाच जागेवरून येत राही. आवाजाला नटाच्या मागे चालायला लावण्याचा मार्ग त्याने शोधला आणि त्याच वर्षअखेरीस एकस्वासाठी अर्ज केला. आज आपण ज्याला स्टिरिओ म्हणतो, त्याची एक मोठी वाट तेथून निघते. १९४० मध्ये वॉल्ट डिस्नेच्या ‘फँटेशिया’साठी प्रेक्षागृहात अनेक जागी ध्वनिवर्धक लावण्याचा खर्चिक प्रयोग झाला, तो मोजक्याच चित्रगृहांना परवडला. आपल्याकडे १९७५ चा ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर स्टिरिओ आवाजासह आला. त्यातील नाणे पडल्याचा आवाज ऐकून प्रेक्षक खुर्चीखाली वाकून पाहत, असे सांगितले जाते. पुढे १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’ या चित्रपटाबरोबर डॉल्बीची अंकीय पद्धती चित्रगृहांत आली, १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी विक्रीस आली आणि चित्रगृहातील ही चौफेर व्यवस्था हळूहळू घराघरांत शिरली.

आमच्या गावात ‘शोले’चे नाणे मात्र खुर्चीखाली पडले नाही. ते टीव्हीच्या आतच पडले. चित्रपट आमच्यापर्यंत आला तो व्हिडिओ कॅसेटमधून. जपानी कंपनीने १९७६ मध्ये बाजारात आणलेली व्हीएचएस ही पद्धती ऐंशीच्या दशकात आमच्या भागात पोहोचली. गणपतीत, बारशाला किंवा एखाद्या घरी जागरण असले की वर्गणी काढून गंगाखेडहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला जाई. भाडे रात्रीचे असे, म्हणून एका रात्रीत तीन चित्रपट पाहणे हा हिशेब ठरलेला. पहिला देवादिकांचा, दुसरा मराठी, तिसरा मारामारीचा. तो संपेपर्यंत पूर्वेकडे तांबडे फुटलेले असे. मध्येच पडद्यावर मुंग्या येत. मग यंत्राबरोबर आलेला मुलगा हेड साफ करी आणि चित्र पुन्हा उमटले की अंगणभर एकच गलका होई.

आज या कॅसेटींविषयी हळवेपणाने बोलणारे पुष्कळ लोक भेटतात. त्यांच्या बोलण्यात त्या मुंग्या असतात, रिवाईंड करतानाची घरघर असते, पुढे १९९३ नंतर आलेल्या व्हीसीडीची आठवण असते. एका तबकडीत सुमारे ७४ मिनिटांचेच चित्र मावत असल्यामुळे ऐन भांडणात पहिली सीडी संपे आणि दुसरी घालेपर्यंत सर्वजण कथेचा पुढचा भाग आपापल्या परीने रचत. या आठवणी खऱ्या आहेत. परंतु आपण थोडे तटस्थ होऊन विचारले पाहिजे की, माणसे नेमकी कशासाठी हळवी होतात? चित्रासाठी निश्चितच नाही. ते चित्र अंधुक होते, आणि कॅसेटवरून कॅसेट उतरवताना दर खेपेला ते अधिकच अंधुक होई. आवाजाची स्थिती तर त्याहून वाईट होती. व्हीएचएसची फीत सुमारे साडेबारा मिलिमीटर रुंद असते. तिच्या बहुतेक सर्व रुंदीवर चित्राचा अधिकार. ते वाचण्यासाठी सेकंदाला पंचवीस वेळा गरगरणारे धातूचे नळकांडे. आवाजाला मात्र फितीच्या कडेची सुमारे एक मिलिमीटरची पट्टी मिळे, आणि ती पट्टी साध्या गाण्याच्या कॅसेटपेक्षाही निम्म्या वेगाने सरके. आवाज अक्षरशः फितीच्या काठावर बसलेला असे.

तरीही त्या रात्री आठवतात, कारण टीव्हीतून येणारा तो घोगरा, एकाच जागचा आवाज हा आमच्या ऐकण्याचा लहानसा भाग होता. उरलेले सारे चहूबाजूंनी येत होते. डाव्या अंगाला कोणी तरी पुढचा संवाद आधीच म्हणून दाखवी. उजवीकडे पेंगलेले मूल कुणाच्या तरी मांडीवर कुरकुरे. मागून आजीचा प्रश्न येई, “हा कोण रं? मघा मेला नव्हता का?” आणि त्यावर सारे अंगण हसे. १९९१ च्या ‘माहेरची साडी’ची कॅसेट लागली, तेव्हा चित्रपटातले रडणे समोरून येत होते आणि खरे रडणे मागून. पाच स्पीकरांची योजना जे घडवू पाहते, ते तेथे माणसांनीच घडवले होते.

येथपर्यंत लिहून थांबलो असतो, तर आपल्याला हा निबंध गोड वाटला असता. गतकाळाविषयी लिहिताना लेखणी अशा ठिकाणी थांबू पाहते. परंतु मागून आवाज येत होता, याचा दुसरा अर्थ असा की काही माणसे मागे बसलेली होती. ती मागे का होती, हेही सांगणे आवश्यक आहे.

आमच्या जुन्या घरात टीव्ही ओट्यावर मांडला जाई. समोर अंगणाच्या मध्यभागी बाज टाकलेली असे. तिच्यावर घरातले व गावातले वडीलधारे पुरुष. बाजेच्या पुढे आम्ही मुले जमिनीवर. स्वयंपाकघर अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सर्वांच्या पाठीशी. आजी, आई, काकू आणि शेजारच्या बायका त्याच्या उंबरठ्याशी बसत. चहा टाकायला, रडणारे मूल निजवायला अर्ध्यातून उठत. आजी कथेचा धागा पुन:पुन्हा विचारी, तो तिला समजत नसे म्हणून नव्हे. तिला सलग पाहायला मिळत नसे म्हणून. आणि गावाच्या कडेच्या वस्तीतून आलेली माणसे तर अंगणातही नसत. ती वाड्याच्या दाराबाहेर उभ्याने पाहत, आणि त्यांना आत या म्हटल्याचे मला आठवत नाही. म्हणजे बाजेवरच्या माणसाला जो आवाज भोवताल म्हणून मिळत होता, तो इतर कोणाच्या तरी दूर ठेवले जाण्यातून आलेला होता. त्या रात्रीची आठवण बाजेवरून एक, उंबरठ्यावरून दुसरी आणि दाराबाहेरून तिसरीच असणार. स्मरणरंजन बहुधा बाजेवर बसलेल्यांच्या वाट्याला येते.

त्या घराचा स्वतःचाही एक आवाज होता. पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लाकडी सर, वर मातीचे माळवद. त्या खोल्यांत शब्द घुमत नसे. उच्चारला की भिंतीत मुरल्यासारखा शांत होई. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेश विसर्जनाची रात्र आटोपून गावे नुकतीच निजली होती. हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदाखाली गाडली गेली. त्यानंतर मराठवाड्यात अनेकांना माळवदाखाली निजण्याची भीती वाटू लागली. आमच्या घरीही पुढच्या काही वर्षांत माळवद उतरवले गेले आणि सिमेंटचा स्लॅब पडला. घर सुरक्षित झाले. पण सिमेंटच्या गुळगुळीत भिंती आवाज शोषत नाहीत. त्या तो परत फेकतात. भावाने होम थिएटर बसवताना मागच्या भिंतीला जाड पडदा आणि खाली सतरंजी घातली, ती याच कारणासाठी. मातीची भिंत जे काम आपोआप करीत होती, ते आता पडदा करतो.

जुन्या घराचा आवाज कोठे तरी शिल्लक असेल, तर तो एकाच ठिकाणी. त्या वर्षीच्या मे महिन्यात माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न त्या घरातून झाले होते आणि त्याची ‘शूटिंगची कॅसेट’ केलेली होती. अशी कॅसेट आपल्याही घरी असेल. तिची रीत आपण जाणताच: चौकटीतून बदामाच्या आकारात उमटणारे वधूवरांचे चेहरे, जेवणाच्या पंगतीवरून संथ फिरणारा कॅमेरा, आणि या सर्वांवर पहिल्यापासून शेवटपर्यंत घातलेली चित्रपटातील गाणी. त्या काळी मिक्सिंग म्हणजे हेच होते. मूळ आवाज गोंगाटाचा समजला जाई. तो पुसून त्यावर गाणे चढवले की कॅसेट सजली, असे सर्वांनाच वाटे. लोकांनी ते हौसेने करून घेतले.

आजी त्या लग्नानंतर चार वर्षांनी गेली. तिच्या आवाजाची दुसरी कोणतीही नोंद नाही. कॅसेटमध्ये ती तीन ठिकाणी दिसते. हळदीच्या प्रसंगी बायकांच्या घोळक्यात तिचे ओठ हलतात. ती गाणे म्हणत आहे हे स्पष्ट आहे, परंतु ऐकू येते ते एका हिंदी चित्रपटातील युगुलगीत. जात्यावर, पाळण्याशी, हळदीला म्हणायची तिची गाणी आम्हां भावंडांना अर्धीमुर्धी आठवतात. पूर्ण गाणे तिच्या ओठांवर दिसते आणि ऐकू मात्र येत नाही.

गेल्या वर्षी ती कॅसेट अंकीय स्वरूपात उतरवून घ्यावी असे आम्ही ठरवले. व्हीसीआर तयार करणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले. चालू स्थितीतील जुने यंत्र असणारे दुकान शोधावे लागले. या कामात घाई करता येत नाही. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. फितीला काही ठिकाणी पांढरी बुरशी लागली होती. तो भाग दुकानदाराने हाताने पुसला. मग ती फाइल घेऊन आम्ही गावी गेलो आणि दिवाणखान्यात सर्वजण बसलो. भावाने नेहमीप्रमाणे मधली जागा मोकळी ठेवली होती. तेथे थोरली बहीण बसली.

पंगतीच्या चित्रणात एका ठिकाणी एक गाणे संपते आणि दुसरे सुरू होण्याआधी काही क्षण मूळ आवाज उघडा राहिला आहे. आम्ही तो नंतर मोजला, अकरा सेकंद. भांड्यांचा आवाज, कुणाचे तरी हसणे, एका मुलाचे रडणे आणि मग कॅमेऱ्याच्या मागून एका बाईचा आवाज: “कुणी तरी त्या लेकराला पाणी द्या गं, कवाचं रडायलंय.” लगेच दुसरे गाणे सुरू झाले.

दिवाणखान्यातील लहान मुलांना त्यात काही विशेष वाटले नाही. बहीण म्हणाली, “आजी.” आम्ही ते अकरा सेकंद पुन्हा लावले, आणखी एकदा लावले. तो आवाज मागच्या स्पीकरमधून आला नाही. तो आला मधल्या स्पीकरमधून. याचे कारण यांत्रिक आहे. जुन्या कॅसेटमध्ये आवाजाची एकच वाहिनी असते. ती डावीकडे आणि उजवीकडे सारखीच दिली जाते. दोन्ही बाजूंत फरक नसला की चौफेर ध्वनीचे यंत्र तो आवाज मधला समजते आणि मध्यभागी पाठवते. त्याला उंबरठा ठाऊक नाही, बाज ठाऊक नाही. आयुष्यभर सर्वांच्या पाठीमागून बोललेली माझी आजी त्या दिवशी समोरून, अगदी मधोमध बोलली.

यंत्राच्या या तटस्थ न्यायाचे मी फार कौतुक करू इच्छित नाही. तो आवाज मध्यभागी आला तरी तो आजीचा आहे हे सांगण्यासाठी तिला ओळखणारे माणूस समोर बसलेले असावे लागले. बहीण त्या दिवशी तेथे नसती, तर ते वाक्य कोणा एका बाईचे वाक्य म्हणून फाइलमध्ये राहिले असते. फीत जपणे आणि आवाज जपणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम यंत्राने होते. दुसऱ्याला ओळख लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा भेद परका नाही. आमच्या गंगाखेडला जन्मलेल्या जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करीत होत्या. त्यांची जागाही घराच्या मागच्या अंगाला होती. परंतु अभंगाच्या अखेरीस त्यांनी आपले नाव घातले, आणि म्हणून सात शतकांनंतरही तो आवाज कोणाचा हे आपण सांगू शकतो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव टिपण्याचे पथ्य पाळले. चित्रपटांच्या जतनासाठी पुण्यात १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. आपल्या घरच्या कॅसेटी मात्र कोणत्याही संग्रहालयात जाणार नाहीत. त्या जपण्याची जबाबदारी आपल्याशिवाय अन्य कोणाची नाही.

म्हणून, वाचकहो, आपल्या घरातील पेटीत किंवा माळ्यावर अशी एखादी कॅसेट असेल, तर ती उतरवून घ्यावी. पण तेवढ्यावर थांबू नये. घरातील सर्वांत वयस्कर बाईला शेजारी बसवावे. चित्र पाहण्यापेक्षा गाण्यांच्या मधल्या फटींकडे लक्ष द्यावे, आणि कॅमेऱ्यामागून कोण बोलते आहे, हे तिला विचारावे. जो आवाज ओळखला जाईल त्याचे नाव, नाते, गाव आणि तो कितव्या मिनिटाला ऐकू येतो, हे वहीत लिहून ठेवावे. अंगणाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्यांपैकी कोणाचा चेहरा ओझरता दिसला, तर त्याचेही नाव विचारावे. ते सांगणारा आपल्या घरात नसेल, तर वस्तीत जाऊन विचारावे. हे काम पुढच्या पावसाळ्याच्या आत करावे. ओल लागली की फितीला बुरशी धरते, आणि आवाज ओळखणारी माणसेही फार काळ थांबत नाहीत.